पाऊण इंची एप्रिल

सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्या माणसाचं एक वाक्य ठरलेलं असतं. "जुना डेटा? त्याची काळजीच नको. तिकडून एक्स्पोर्ट, इकडे इम्पोर्ट, झालं!" हे तो चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर बोलतो आणि उठतो. त्यापुढचं बघायला त्याला थांबावं लागत नाही. त्यासाठी घरात एखादा भाचा असतो.

भूगावात पौड रस्त्याला माझ्या मामांचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. सिमेंट, सळई, वाळू, पाइप, नळ, आणि या सगळ्यावर बारीक धूळ. पुणं चांदणी चौक ओलांडून मुळशीत शिरलं, तेव्हा त्याला लागणारा माल घेऊन मामा आधीच रस्त्याकडेला बसले होते. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हाही त्यांचं जुनं सॉफ्टवेअर कण्हत-कुंथत टिकलं. पण मामेभाऊ शिकून परत आला आणि म्हणाला, आता नवं घ्यायचं. मामा म्हणाले, घे. दिवाणजी काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला पुढे कळला.

जुन्या सॉफ्टवेअरमधून तीन फायली निघाल्या: गिऱ्हाइकं, माल आणि येणी. तिन्ही सीएसव्ही. या जातीच्या फायलीत दोन रकान्यांमध्ये फक्त एक स्वल्पविराम असतो. अशा फायली जगात कित्येक दशकं चालू होत्या. त्या कशा लिहाव्यात याचं टिपण मात्र २००५ साली निघालं. रकमेत स्वल्पविराम असेल तर ती अवतरणचिन्हांत ठेवावी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरनं ते वाचलेलं नव्हतं.

त्यामुळे पहिल्याच ओळीत एका पाटलांची सव्वा लाखाची उधारी, १,२५,०००, तीन रकान्यांत पसरली. रक्कम एक रुपया, फोन नंबर पंचवीस, जीएसटी क्रमांक शून्य शून्य शून्य. इंग्रजी पद्धतीनं लिहिलेल्या सव्वा लाखाचे दोनच तुकडे झाले असते; आपल्याचे तीन होतात. कोटीवाला गिऱ्हाईक असता तर ईमेलच्या रकान्यापर्यंत पोचला असता. मामांनी पडद्यावरचा आकडा बघितला आणि विचारलं, "पाटलांनी भरले का रे?"

स्वल्पविराम काढले. मग मालाची फाइल उघडली.

नळकामात साइज इंचात चालतात: अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड. माल लिहिणाऱ्यानं ते 1/2, 3/4 असे लिहिलेले. स्प्रेडशीटनं ही फाइल उघडली आणि कुणालाही न विचारता अर्धा इंची एल्बोचा १ फेब्रुवारी केला. पाऊण इंची टी ३ एप्रिल झाली. सव्वा आणि दीड इंच तेवढे वाचले, कारण त्यांच्यापुढे एक लिहिलेला होता. मामेभावाच्या लॅपटॉपवर अमेरिकी सेटिंग. तिथे तोच पाऊण इंच ४ मार्च निघाला. म्हणजे दुकानातल्या मशीनवर एप्रिल आणि लॅपटॉपवर मार्च. आर्थिक वर्षसुद्धा वेगळं!

गिऱ्हाइकांच्या फाइलमध्येही 'कागदपत्र' नावाचा रकाना होता. मोठी उधारी देताना मामा कुणाकुणाकडून उताऱ्याची प्रत घेत आणि दिवाणजी तिथे ७/१२ लिहून ठेवत. मुळशी तालुक्यात ज्या दोन आकड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भाऊ भावाशी बोललेले नाहीत, त्यांना स्प्रेडशीटनं '७ डिसेंबर' करून टाकलं. ओळीमागून ओळी, सगळ्यांचा ७ डिसेंबर. मामींनी मागून डोकावून विचारलं, "एवढ्या लोकांची लग्नं एकाच दिवशी?"

एकदा तारीख झालेली गोष्ट पुन्हा अपूर्णांक होत नाही. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. साल दिलेलं नसलं की ते चालू साल धरतं, आणि तेव्हा चालू होतं २०२४. म्हणून ३ एप्रिलचा आकडा ४५३८५. मी त्या रकान्याला 'तारीख नको, साधा आकडा दाखव' असं सांगितलं आणि पाऊण इंची पाइप पंचेचाळीस हजार तीनशे पंच्याऐंशी इंची झाला. व्यास एक किलोमीटरहून जास्त. मामा शांतपणे म्हणाले, "एवढा तर टाटांनी मुळशी धरणालाही घातला नसेल."

त्यांना धीर यावा म्हणून मी सांगितलं, की या रोगानं मोठमोठे शास्त्रज्ञ टेकीला आले. माणसाच्या एका जनुकाचं संक्षिप्त नाव 'मार्च-१' असं होतं. एक्सेल त्याची १ मार्च करायचं. जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं शेवटी २०२० साली जाहीर केलं, की अशा जनुकांची नावंच आम्ही बदलतोय. मामा म्हणाले, "मग आपण पाइपाचं बदलू." त्या दिवसापासून आमच्या यादीत 'पाऊण इंची' असं अक्षरात लिहिलेलं आहे आणि कुठल्याही प्रोग्रामला त्यातून तारीख काढता आलेली नाही.

एक्सेलच्या त्या दिवस मोजण्यात आणखी एक गंमत आहे. तिच्यात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस धरलेला आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणजे तो दिवस उगवलाच नाही. पण लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्राममध्ये ती चूक होती आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचं म्हणून एक्सेलनं ती तशीच ठेवली. मामांना हे फार पटलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "जुन्या गिऱ्हाइकाची चूक चारचौघांत काढत नाहीत."

आता अक्षरात लिहायचं ठरल्यावर मराठीचा प्रश्न आला. युनिकोडमधलं आपलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा साठवताना तिचे तीन तुकडे होतात. फाइल कुठल्या पद्धतीनं लिहिली आहे हे वाचणाऱ्याला कळलं नाही, तर तो ते तुकडे सुटे छापतो. मग 'पाटील' या नावात काना दिसतो तिथे पाऊण येतो, तोही अपूर्णांकाच्या चिन्हात. दुसऱ्या वेलांटीच्या जागी जपानी येन आणि त्याला लागून युरो. 'ल'च्या जागी वर्गाचा बारीक दोन. पहिली वेलांटी असती तर उलटं प्रश्नचिन्ह मिळालं असतं. हे अगदी नेमानं होतं, त्यामुळे दोन दिवसांत दिवाणजी ते वाचायलाही लागले. "येन-युरो आला, म्हणजे दीर्घ आहे," असं म्हणून त्यांनी मला एका माणसाचं आडनाव दुरुस्त करायला लावलं. परकीय चलनात एवढी उलाढाल भूगावात त्याआधी झाली नसावी.

इथवर सगळा दोष यंत्रांचा होता आणि यंत्रांना उपाय असतो. खरं काम पुढे होतं. जुन्या फाइलमधला कुठला रकाना नव्या टेबलातल्या कुठल्या रकान्यात जाणार, हे एकेक ठरवायचं. याला मॅपिंग म्हणतात, पण भूगावात ते एका वाक्यात समजतं: जोड लावायची. २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी याच गावात झाली, अभिजित कटकेनं किरण भगतला हरवून गदा मिळवली. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं की जोड लावताना वजन बघतात. पन्नास अक्षरांच्या रकान्यावर ऐंशी अक्षरांचा पत्ता सोडला, तर पत्ता कमरेत तुटतो. आकड्याच्या रकान्यात नाव सोडलं, तर कुस्ती लागायच्या आधीच पंच शिट्टी वाजवतो.

काही जोडी लागेचनात. जीएसटीच्या विवरणपत्रात मालाचं एकक ठरावीक यादीतूनच द्यावं लागतं. त्या यादीत गोणी आहे, बंडल आहे, नग आहे. 'ग्रेट ग्रोस' आहे, म्हणजे १७२८ नग; ते भूगावात कुणी कधी मागितल्याचं दिवाणजींना आठवत नाही. ब्रास मात्र नाही. शंभर घनफुटांचा एक ब्रास, ज्यानं हे अख्खं गाव उभं राहिलं, तो दिल्लीला माहीत नाही. त्याला २.८३ घनमीटर करून पाठवावं लागतं. डंपरवाला आला की आम्ही आजही ब्रास म्हणतो. तो गेला की घनमीटर.

मग आली गिऱ्हाइकांची ओळख. नव्या टेबलाची अट: प्रत्येक माणूस एकदाच आणि वेगळा ओळखू आला पाहिजे. आमच्या यादीत पैलवान नावाची खाती होती. 'पैलवान', 'पैलवान (मळ्यातले)', 'पैलवान धाकटे', 'पैलवान नवीन' आणि 'पैलवान पुलाजवळचे'. यातला पूल म्हणजे चांदणी चौकातला जुना पूल. तो २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटानं पाडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या नव्या पुलांचं उद्घाटनही झालं. पैलवान मात्र जागेवरच राहिले. मी विचारलं, "पैलवान आणि पैलवान धाकटे यांत फरक काय?" दिवाणजी म्हणाले, "धाकटे थोरले आहेत." थोरल्या घरातला धाकटा, असा त्याचा खुलासा, तो कुठल्याही रकान्यात बसला नाही.

शेवटी नुसत्या चुकांची यादी उरली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये काही रकान्यांच्या नावापुढे बारीक लाल चांदणी असते. ती असली की रकाना रिकामा सोडता येत नाही. 'उधारीची कमाल मर्यादा' आणि 'देय तारीख' या दोन्हींपुढे चांदणी होती. आणि आमच्या येण्यांच्या फाइलमध्ये देय तारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

मामेभाऊ वैतागला. "डेटा घाण आहे," असं म्हणाला. त्यानं एक तोडगाही काढला. सातबारे संगणकावर चढवताना सरकारनं २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन केलं होतं. छापलेले उतारे लोकांसमोर वाचायचे, ज्याचं चुकलं असेल त्यानं जागेवर सांगायचं. तसंच आपण उधारीचं करू. दुकानासमोर खुर्च्या टाकू, यादी वाचू.

मामांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सातबाऱ्यात जमीन कमी लागली तर माणूस ओरडतो. उधारीत रक्कम कमी लागली तर तो नमस्कार करून घरी जातो. आणि बरोबर लागली तर उद्यापासून पिरंगुटच्या दुकानात दिसतो."

म्हणून मी आणि दिवाणजीच बसलो. मी ओळ वाचायची, त्यांनी तो कोरा रकाना का कोरा आहे ते सांगायचं. एकाचा प्लॉटचा व्यवहार व्हायचा होता. एकाचा भावाशी दावा चालू होता. निकालाची तारीख कोर्टालाही ठाऊक नव्हती. एक वारले होते, आणि मुलगा "बघतो" म्हणाला होता. एकानं मुलीच्या लग्नात पैसे घातले होते आणि ते लग्न मामांनीच जमवलेलं होतं. एकाचं येणं लिहिलेलं तर होतं, पण मागायचं नव्हतं. कारण त्याच्या वडिलांनी मामांना पहिलं दुकान भाड्यानं दिलं होतं. तारीख विसरली म्हणून राहिलेली जागा एकही निघाली नाही. मामेभाऊ ज्याला घाण म्हणत होता ती तीस वर्षांची भीड होती, आणि तीच दुकानाची पत होती. जुन्या सॉफ्टवेअरला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते गप्प बसत होतं, आणि दिवाणजींना तेवढंच पुरत होतं.

तरी चांदणीला तारीख हवीच होती. मोठमोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कायमचं' असं सांगायचं असलं की ३१ डिसेंबर ९९९९ ही तारीख घालतात. एक्सेललाही त्यापुढची तारीख कळत नाही. मी ती मामांना सुचवली. जवळजवळ आठ हजार वर्षांची मुदत ऐकून मामा खूश झाले. "द्या सगळ्यांना," म्हणाले. इम्पोर्ट विनातक्रार पार पडला. मामींनी पेढे आणले.

महिनाअखेरीला नव्या सॉफ्टवेअरनं आपण होऊन सगळ्यांना खातेउतारे पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी 'पैलवान मळ्यातले' दुकानात आले. कागद काउंटरवर ठेवला, तारखेवर बोट ठेवलं. "शेठ, इतक्या वर्षांत तुम्ही आम्हाला कधी तारीख घातली नव्हती. मुदत द्यायची वेळ आली होती तर तोंडानं सांगायचं होतं." साल वाचायच्या फंदात ते पडलेच नव्हते. पिशवीतून नोटा काढून त्यांनी सगळी बाकी चुकती केली, पावती मागितली आणि चहा न घेता गेले.

मामेभाऊ म्हणाला, "बघा, पहिल्याच महिन्यात वसुली!"

मामांनी नोटा मोजल्यादेखील नाहीत. मला म्हणाले, "ती चांदणी काढ."

मी समजावून सांगितलं, की चांदणी आपल्या हातात नसते. ती सॉफ्टवेअरच्या रचनेतच आहे, काढायची तर कंपनीला लिहावं लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतील, आणि तरीही ते बहुधा नाहीच म्हणतील. मामांनी चष्मा काढून पुसला.

"चांदणी चौकातला आख्खा पूल एका रात्रीत उडवला लोकांनी," ते म्हणाले, "आणि तुम्हा शिकलेल्यांना एक चांदणी उडवता येत नाही?"