नऊ चौरस मीटरांचे सौंदर्यशास्त्र

पहिल्या दिवशी आमच्या गाळ्यात एकंदर चौदा माणसे आली. त्यांपैकी अकरा जणांनी स्वच्छतागृह कोणत्या बाजूस आहे याची पृच्छा केली. एकाने मोबाईल चार्जिंगला लावण्याची परवानगी मागितली. एक विमाप्रतिनिधी आपलेच कार्ड देऊन गेला. आणि चौदावा गृहस्थ आयोजकांच्या वतीने जादा वीजजोडणीची पावती फाडावयास आला होता. ज्या विळीच्या विक्रीप्रीत्यर्थ हा सारा खटाटोप मांडला होता, तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

मी सौंदर्यदृष्टी असलेला मनुष्य आहे, ही गोष्ट आमच्या आप्तवर्तुळात निर्विवाद मानली जाते. ती प्रथम कोणी मानली याचा माग काढीत गेल्यास तो माझ्याच घरापर्यंत येतो, हे मी नाकारीत नाही. मेहुण्यांच्या लग्नात रुखवतातील साखरेचे तुळशीवृंदावन आणि करंज्यांचा डोंगर यांच्यामधील अंतर मी स्वहस्ते हातभर वाढविले होते, आणि त्यामुळे दोन्ही वस्तूंना जो श्वास घेता आला त्याची आठवण मी त्या कुटुंबास गेली एकोणीस वर्षे नियमितपणे करून देत आलो आहे. तेव्हा सांगलीजवळ लहानशा कारखान्यात ओट्याला शिकंज्याने आवळून उभ्याने वापरावयाची विळी तयार करणाऱ्या याच मेहुण्यांनी पुण्याच्या एका प्रदर्शनात गाळा घेतला आणि “दाजी, मांडणीचं तेवढं तुम्ही बघा,” असे फोनवर म्हटले, त्या सौजन्यपर वाक्यास मी कुलमुखत्यारपत्र समजलो.

गाळा तीन मीटर रुंद, तीन मीटर खोल. अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांत बसविलेल्या तीन बाजूंच्या पांढऱ्या फळ्या, कपाळावर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग आणि एक कचऱ्याची टोपली, एवढा सरंजाम भाड्यात अंतर्भूत होता. मेहुण्यांची योजना अशी की, टेबल पुढे ओढावे, त्यावर वीस विळ्या मांडाव्यात, मागे ठळक आकड्यांत किंमत लिहिलेला फ्लेक्स लावावा आणि आमच्या वहिनींनी दिवसभर नारळ खवावेत. ही दरखास्त मी कलमवार नामंजूर केली. टेबल पुढे लावले म्हणजे गाळ्याचा जकातनाका होतो आणि माणूस नाक्याकडे पाहून आपोआप चाल वाढवितो, म्हणून ते मागल्या भिंतीस नेले. या एका सुधारणेबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. परंतु पुढे मी वीस विळ्यांपैकी एकोणीस टेबलाखाली दडविल्या, तिन्ही भिंती काळ्या मखमलीने मढविल्या, मध्यभागी उंच चौरंगावर एकच विळी ठेवून तिच्यावर एकच दिवा सोडला, गर्दी वाटू नये म्हणून एक खुर्ची परत पाठविली, नारळाचा कीस मखमलीस चिकटेल या सबबीवर वहिनींना बरखास्त केले, आणि कपाळपट्टीवर ‘विळी’ हा ग्राम्य शब्द टाळून ‘छेदिका’ अशी अक्षरे कोरविली. दुपारी शेजारच्या गाळेवाल्याने येथे मूळव्याधीवरील शस्त्रक्रियेची माहिती मिळते काय, असे मला अत्यंत आदरपूर्वक विचारले.

समोरच्या गाळ्यात सुईत दोरा ओवण्याचे यंत्र विकणारा एक तरुण होता. त्याच्याजवळ मखमल नव्हती, किंबहुना टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्राखेरीज काहीच नव्हते; परंतु तो कानाला लावलेल्या माईकमधून अखंड बोलत सुई ओवी, काढी, पुन्हा ओवी, आणि त्याच्यापुढे चष्मेवाल्या माणसांचे जे कोंडाळे जमे ते रात्री दिवे मालवीपर्यंत विसकटत नसे. ही अभिरुचीची अवनती होय, असे मी मेहुण्यांना समजावून सांगितले. ते “असेल, असेल,” म्हणाले.

अपयशात सोबत मिळाली की ते अर्धे हलके होते, आणि त्या रात्री मला सोबत मिळाली ती खुद्द व्हिक्टोरिया राणीची. 1849 साली पंजाब खालसा झाला तेव्हा अवघ्या दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तहनाम्याच्या एका कलमान्वये जो कोहिनूर काढून घेण्यात आला, तो 1851 साली लंडनच्या हाइड पार्कात, जोसेफ पॅक्स्टनने उभारलेल्या काचमहालातील विश्वप्रदर्शनात मांडला होता. एक वस्तू, एक पिंजरा (तोही सोनेरी), भोवती भरपूर अवकाश: माझीच मांडणी. साठ लाखांच्या घरात माणसे त्या प्रदर्शनास गेली, हिऱ्यापुढे रांगा लागल्या, आणि पिंजऱ्यात डोकावून माणसे हिरमुसली होऊन परतू लागली, कारण भरदिवसा काचेच्या छपराखाली तो हिरा काचेच्या गोळ्यासारखा निस्तेज दिसे. मग गॅसचे दिवे लावले, भोवती कनात उभारून अंधार केला, नाना उपाय झाले. लोकांचे समाधान काही होईना.

येथवर मला बरे वाटत होते. परंतु पुढली हकीकत वाचताना मी अंथरुणात उठून बसलो. प्रदर्शन संपल्यावर राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांच्या देखरेखीखाली, 1852 साली, तो हिरा नव्याने पैलू पाडण्यासाठी घासावयास काढण्यात आला. वाफेच्या यंत्रावर फिरणाऱ्या चाकाला तो प्रथम टेकविण्याचा मान त्र्याऐंशी वर्षांच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला देण्यात आला. म्हणजे 1803 साली असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा ज्याने पराभव केला, तोच हा गृहस्थ. हिंदुस्थानच्या वस्तू बारीक करण्याचा त्याला पूर्वानुभव होता. सुमारे 186 कॅरटांचा हिरा सुमारे 105 कॅरटांचा होऊन बाहेर आला. दोष मांडणीचा आणि शिक्षा हिऱ्याला! ज्या मुलाकडून तो घेतला त्याला कोणी विचारले नाही. जे पाहावयास आले त्यांना तो आवडला नाही म्हणून जवळजवळ अर्धा हिरा धूळ होऊन गेला. त्याच प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज नामक कारागिराने स्वच्छतागृहे मांडली होती, एक पेनी आकार घेऊन. आठ लाखांहून अधिक लोकांनी ती पेनी आनंदाने मोजली. प्रेक्षकांस काय हवे असते याविषयी माझ्या गाळ्यातील अकरा माणसे इतिहासाशी पूर्णतः सुसंगत वागली होती.

यातून मी काही बोध घेतला असेल, असा वाचकांचा ग्रह झाल्यास तो निराधार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेहुण्यांना सांगितले की, मांडणी निर्दोष आहे, परंतु पात्याच्या टोकाची खवणी आकृतीच्या प्रवाहीपणास बाधा आणते, सबब पुढील उत्पादनातून ती काढून टाकावी. मेहुण्यांनी खवणीवरून अंगठा फिरविला. “बघू, दाजी,” एवढेच ते म्हणाले आणि चहा सांगावयास गेले. त्यांना ती खवणी जमावयास दोन वर्षे लागली होती, हे मला वहिनींकडून नंतर कळले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वृद्ध बाई, हातात प्रदर्शनातच घेतलेली कोथिंबिरीची जुडी, गाळ्यात शिरल्या आणि “जरा टेकते हं,” म्हणून आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या. बसल्यावर डोळ्यांना काही काम हवे म्हणून त्यांनी चौरंगाकडे पाहिले.

“ही विळी ना? मग तसं लिहा की! आणि पातं चुकलंय. फार उभं झालंय. कोथिंबीर चेंगरेल यानं.”

मी उत्तर देणार तोच बाहेरून जाणाऱ्या दुसऱ्या बाई थबकल्या. “नाही हो, उभंच बरं. पुढं झुकलेलं असलं की भोपळा फोडताना हात सटकतो.” पहिल्या बाईंनी भोपळा कोयत्याने फोडावा असे सुचविले. तिसऱ्या बाईंनी आपल्या ओट्याच्या कडेला दुहेरी पट्टी असून हा शिकंजा तेथे बसणार नाही, ही तक्रार मांडली. एका निवृत्त गृहस्थांनी पोलादाचा प्रश्न काढला. विकत घ्या म्हटले तर आपला माणूस काखेतली पिशवी घट्ट धरून पुढे जातो, परंतु चूक दाखविण्याची संधी दिसली की तो आपल्या गाडीची वेळसुद्धा चुकवितो, हे राष्ट्रीय सत्य माझ्यासमक्ष सिद्ध होत होते. अर्ध्या तासात सुईवाल्याचे कोंडाळे आमच्याकडे सरकले. स्वतः सुईवालाही माईक मानेवर ओढून ऐकावयास आला. कोथिंबिरीची जुडी प्रात्यक्षिकार्थ खर्ची पडली. मखमलीवर काय काय चिकटले ते सांगत नाही.

मेहुण्यांनी एकाही मुद्द्याचे खंडन केले नाही. माझी गुळगुळीत पत्रके, ज्यांची मागील बाजू मी रिक्ततेचे सौंदर्य म्हणून कोरी ठेवविली होती, ती उलटी करून ते प्रत्येक तक्रार लिहून घेत होते: नाव, गाव, ओट्याची जाडी, पात्याचा कल.

त्या पहिल्या बाई उठताना म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंची विळी धार लावून लावून अशी बोटभर उरलीय. पण टाकवत नाही.” मी मान डोलाविली. माझ्या आईची विळीही तशीच झाली होती, दर वर्षी जरा अरुंद, शेवटी शेवटी तर पात्याऐवजी द्वितीयेची चंद्रकोर. आणि तिच्या पाटावर आईच्या पायाची जागा इतकी घासली होती की अंधारातही ती बरोबर बसे. आई गेल्यावर नवे स्वयंपाकघर केले तेव्हा, रंगसंगतीस शोभत नाही म्हणून, मीच ती मोडीत दिली. भंगारवाल्याने पाट वेगळा काढून परत केला. लाकडाचे पैसे मिळत नाहीत म्हणाला. त्या पाटाचे मी काय केले ते मला आठवत नाही, आणि हे आठवत नाही हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी, म्हणजे अखेरच्या, वहिनींना सन्मानपूर्वक परत बोलाविण्यात आले, आणि कपाळपट्टीवर कागद चिकटवून मेहुण्यांच्या हस्ताक्षरात ‘विळी’ असे लिहिण्यात आले. त्यातील वेलांटी चुकून ऱ्हस्व पडली होती, आणि ती दाखविण्यासाठी नऊ माणसे आत आली, त्यांपैकी चौघांनी विळी घेतली. एकूण विक्री सतरा, आगाऊ नोंदणी एकतीस. खवणी कायम आहे.

काळी मखमल, अठरा मीटर, एकदाच वापरलेली, खोबऱ्याचा किंचित वास असलेली, माझ्याकडे पडून आहे. गरजूंनी समक्ष येऊन पाहावी. किमतीचे बघून घेऊ.