रक्तपिपासू नायक, गाळा क्रमांक अमुक

होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' लिहून शापित घराणं, गूढ किल्ला आणि भेदरलेली नायिका हे त्रिकूट बाजारात आणलं. तेव्हापासून नायिकेच्या अकलेत फारशी भर पडलेली नाही. जे दार उघडू नको म्हणून बजावलं, तेच ती उघडते.

मराठीला याचं नावीन्य नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्येच कारस्थानं आणि ताटातुटी घेऊन आली. पुढे नारायण धारपांनी भय घरात आणलं, पण शिस्तीत. घरात अभद्र शिरलं की त्यांच्या कथांमधल्या समर्थांना बोलवायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज. आजच्या कादंबऱ्यांतली नायिका समर्थांना कळवत नाही. अभद्राची हनुवटी किती कोरीव आहे ते पाहते, आणि तिसऱ्या खंडात त्याच्याशी लग्न करते. (हुंड्यात किल्ला. डागडुजीचं कोण बघणार, हे कोणी विचारत नाही.)

ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकांतले हे सगळे सरदार, पिशाच्चं आणि शापित राजपुत्र मुंबईकर वाचकाकडे निघतात ते पुष्कळदा भिवंडीहून. माणकोली-दापोड्याच्या पत्र्याच्या गोदामात, एका बाजूला प्रेशर कुकर, दुसऱ्या बाजूला डायपर, मध्ये सोनेरी कडांचा अंधाराचा सम्राट. आणि नाशिक महामार्गावरच्या कोंडीत तोही तासभर अडकतो. अमरत्वाचा तिथे काही उपयोग नाही.

बाकी भिवंडीत रात्रभर जागं राहायला रक्त प्यावं लागत नाही. यंत्रमागावर बारा तासांची रात्रपाळी असते.