विषाचं पेटंट

गणपतीपासून आजवर माझ्या भाचीने 'त्या'ला तीनदा ब्लॉक केलं आणि चारदा अनब्लॉक. हिशेब जुळत नाही, पण प्रेमात मागची बाकी असतेच.

तिच्या फोनची रिंगटोन म्हणजे ब्रिटनी स्पिअर्सचं 'टॉक्सिक'. समोरचा माणूस विषारी आहे हे त्यातल्या बाईला पुरतं ठाऊक असतं, आणि तरी तक्रार नाही. कारलं कडू झालंय असं सांगत तिसऱ्यांदा वाढून घेणारे पाहुणे असतात, त्यातली गत. हे गाणं म्हणे आधी कायली मिनोगकडे गेलं होतं. तिने नाही म्हटलं. तिला बहुधा मामा असावा.

ब्रिटनीला मात्र २००५ साली याच गाण्याने पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं. आणि त्यातली ती अंगावर सरसरत चढणारी व्हायोलिनं? ती आपली! १९८१च्या 'एक दूजे के लिए'मधल्या 'तेरे मेरे बीच में'तून उचललेली, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. हे कळल्यापासून माझी छाती फुगली आहे. अमेरिकेने १९९५ साली हळदीवर पेटंट दिलं, तेव्हा माशेलकरांच्या सीएसआयआरने भांडून १९९७ साली ते रद्द करून घेतलं. जखमेवरची हळद आपली ठरली. जखम मात्र अजून ब्रिटनीच्याच नावावर आहे, आणि कुणाला त्याचं काही नाही.

पुरावा हवा तर आमच्या ताईला विचारा. कॉलेजात असताना तिने तो सिनेमा पाच वेळा पाहिला. गोव्यातले शेजारी, घरच्यांनी वर्षभर भेटायचं नाही अशी घातलेली अट, सगळं तिला तोंडपाठ. आई वासूचा फोटो जाळते आणि सपना ती राख चहात कालवून पिते, या प्रसंगाला ताईचा रुमाल दर वेळी भिजायचा. मुलीच्या पोटात राख गेली, तिला डॉक्टरकडे न्या, असं अख्ख्या थिएटरात एकाच्याही मनात आलं नाही. मीही तिथेच होतो. मलाही आलं नाही.

तीच ताई परवा आमच्याकडे चहा पिताना मुलीला ऐकवत होती, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती हो. नकोय ना तो? मग तोडून टाकायचं!"

"आई, तुला नाही कळणार," भाची म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला आणि व्हायोलिनं चढू लागली. स्क्रीनवर नाव होतं : 'उचलू नकोस'. आम्ही तिघांनी ते वाचलं. ताईचा कपातला चमचा थांबला.

"मामा, टीव्हीचा आवाज जरा कमी कर ना," असं म्हणत भाची फोन घेऊन गॅलरीत गेली. दार लोटताना तेवढी हसली.

टीव्ही बंदच होता.