होतकरूंचे काका

टोरांटोत वसंत आला की ट्यूलिप फुलतात, फुटपाथवरचं मीठ धुऊन निघतं आणि मेपल लीफ्सचा आइस हॉकी संघ हरतो. तिन्ही गोष्टी नेमाने होतात. २०२५ साली हा मुहूर्त १८ मेला निघाला. सातवा, निर्णायक सामना; घरचा बर्फ; समोर फ्लोरिडा; निकाल ६-१. दुसऱ्या दिवशी ऑफिसांमधून सुतकी कळा पसरली होती. लोक लिफ्टमध्ये एकमेकांच्या नजरा चुकवत होते. अशा सकाळी मिसिसॉगातल्या एका घरात मात्र एक सत्तरीचे गृहस्थ शीळ घालत दाढी करत होते.

"संपला एकदाचा सीझन!" ते मला फोनवर म्हणाले. "आता जरा निवांतपणे हॉकीकडे बघता येईल."

हे आमचे ड्राफ्टकाका. खरं नाव मराठी मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर असेल, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा वळून बघायचे नाहीत. मूळचे विजय हजारेंच्या सांगलीचे. तिथे त्यांनी बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या ग्लासात, तोही जास्त घातला म्हणून गुऱ्हाळवाल्याशी भांडताना. लीफ्सनी लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप शेवटचा जिंकला १९६७ साली. तेव्हा लीगमध्ये अवघे सहा संघ होते आणि काका सांगलीत गोट्या खेळत होते. आज संघ बत्तीस झालेत, काका आजोबा झालेत, कपाचा मात्र पत्ता नाही.

एवढा हरणारा संघ पदरी पडला की माणूस एकतर संघ बदलतो, नाहीतर देवाला लागतो. काकांनी तिसरी वाट काढली. त्यांनी लीफ्सच्या खेळाडूंचा नादच सोडला. जे अजून लीफ्समध्ये आलेच नाहीत, त्यांच्यावर जीव लावला.

ड्राफ्टची भानगड थोडक्यात अशी. दर वर्षी जूनअखेरीस अठरा वर्षांच्या आसपासची पोरं निवडायला सगळे संघ बसतात. सात फेऱ्या, सव्वादोनशेच्या घरात पोरं. आदल्या सीझनला जे संघ गाळात गेले, त्यांची पाळी आधी. पण निवड झाली म्हणून पोरगा लगेच खेळायला येतो असं नाही. बहुतेक जण परत आपापल्या ज्युनिअर संघात जातात, कोणी अमेरिकेतल्या कॉलेजात, कोणी स्वीडन-फिनलंडमधल्या आपल्या गावी. तिथे वाढतात, तीन-चार-पाच वर्षांनी आले तर येतात. कित्येक येतच नाहीत. निवड आणि आगमन यांच्यामधला हा जो लांबलचक काळ, तो काकांचा मुलूख.

त्यांची एक वही आहे. लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात असते तसली. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती आणायला सांगतात. तीत प्रत्येक पोरासाठी एक पान. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, स्टिक डावीकडून धरतो की उजवीकडून, संघ, गाव. शेवटी वडिलांची उंची. एकेकाळी काकांच्या वडिलांनी त्यांच्या तीन बहिणींसाठी स्थळं पाहिली, तेव्हा टिपणं काढायचं काम काकांकडे होतं. तो हात अजून गेलेला नाही. आवाजही तोच.

"मुलगा पाच-अकरा आहे, पण वडील सहा-तीन. अजून दोन इंच सहज देईल. अंगाने जरा किरकोळ, पण ते भरेल. घराणं हॉकीतलं आहे, मामा ज्युनिअर खेळलेला. शिवाय उजव्या हाताचा डिफेन्समन! अरे, उजव्या हाताचा डिफेन्समन आजकाल मिळतो कुठे?"

"काका, पण खेळतो कसा?"

"खेळतो चांगलाच," काका जरा नाराजीने म्हणतात. खेळ हा मुद्दा त्यांच्या दृष्टीने चहापोह्यांनंतरचा.

काकांच्या श्रद्धेला आधार आहे आणि त्याचं नाव तोमाश काबेर्ले. १९९६ साली ड्राफ्ट नऊ फेऱ्यांचा असे. आठव्या फेरीत, दोनशे चौथ्या क्रमांकावर लीफ्सनी हा चेक पोरगा उचलला. एव्हाना सभागृहात खुर्च्या आवरायला सुरुवात होत असणार. तोच पोरगा १९९८ मध्ये संघात आला आणि २०११ पर्यंत लीफ्सचा बचाव सांभाळून राहिला. तेव्हापासून काका शेवटच्या फेऱ्यांपाशी थबकतात. पहिल्या फेरीतला पोरगा कोणालाही आवडतो, त्यात काय पारख? कोणी शंका काढली की काका बोटांवर मोजतात. "पावेल दात्स्युक, १९९८, एकशे एकाहत्तरावा. झेटरबर्ग, १९९९, दोनशे दहावा. दोघेही डेट्रॉइटने नेले. आपले लोक तेव्हा काय करत होते?" आपले लोक म्हणजे लीफ्सची निवड समिती. तिच्याविषयी ते भावकीतल्या माणसांविषयी बोलावं तसं बोलतात.

त्यांच्या आयुष्यातलं खरं दुःख मात्र हरण्याचं नाही, बॉस्टनचं आहे. लीफ्सच्या घरातली चांगली पोरं बॉस्टनला नांदायला जातात, असा त्यांचा सिद्धांत आहे आणि पुरावा त्यांच्या बाजूने आहे. २००५ साली लीफ्सनी पहिल्या फेरीत तूका रास्क हा फिनलंडचा गोलरक्षक घेतला. वर्षभरातच तो बॉस्टनला दिला आणि अँड्र्यू रेक्रॉफ्ट आणला. रेक्रॉफ्ट दोन सीझनमध्ये निघून गेला. रास्कला २०१४ मध्ये लीगच्या सर्वोत्तम गोलरक्षकाचं वेझिना पारितोषिक मिळालं. २००९ मध्ये फिल केसलला आणायला पुन्हा बॉस्टनलाच पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या दिल्या. त्यांतून त्यांना टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन मिळाले. मग २०१३, २०१८ आणि २०१९ या तिन्ही साली पहिल्याच टप्प्यात, सातव्या सामन्यात, लीफ्सना बॉस्टनने घरी पाठवलं. तिन्ही वेळा समोरच्या जाळ्यात रास्क.

"पोरगा आपला," काका म्हणतात, "पण काय खेळला!" हे म्हणताना त्यांचा चेहरा असा काही फुलतो की माणसाला कळत नाही, ते हरलेत की जिंकलेत.

मार्च २०२५ मध्ये फ्रेझर मिंटन बॉस्टनला गेला. २०२२ च्या दुसऱ्या फेरीतला, काकांच्या वहीत चार पानं व्यापलेला पोरगा. त्या रात्री काका जेवले नाहीत. काकूंनी मला फोन केला. "अरे, तू तरी समजाव. ह्यांना वाटतंय, आपलं कोणीतरी गेलं."

जुलैच्या सुरुवातीला मात्र काकांचा सण असतो. एटोबिकोत, किपलिंग अव्हेन्यूवर लीफ्सचं सराव केंद्र आहे, चार रिंकचं. तिथे होतकरू पोरांचं शिबिर भरतं. बाहेर तीस डिग्री, लोक अर्ध्या चड्डीत, आइस्क्रीमची गाडी टिणटिणतेय आणि पार्किंगमधून काका चाललेत: अंगात हातविणीचा स्वेटर, डोक्यात माकडटोपी, काखेत वही, हातात चहाचा थर्मास. रिंकच्या आतली थंडी त्यांना ठाऊक असते. मी पहिल्यांदा बरोबर गेलो तो टीशर्टवर. अर्ध्या तासात काकांची शाल पांघरून बसलो होतो.

शिबिरात सामना असा नसतोच. पोरं शंकूंना वळसे घालतात, मागे सरकतात, थांबतात, पुन्हा निघतात. बघण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं.

"पकाकडे, त्या चकतीकडे बघू नकोस," काका कुजबुजले. "पाय बघ. तो ऐंशीच्या पुढच्या नंबरचा. स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, आतली नि बाहेरची. उजवीकडे वळताना बघ कसा बाहेरच्या कडेवर निर्धास्त झुकतो. आता डावीकडे... हां! बघितलंस? पाय दचकला. बर्फाचा आवाज बदलला बघ. कापल्याचा यायला हवा, खरवडल्याचा आला."

मी कान देऊन ऐकलं. खरंच खरवडल्याचा आला. एवढ्या थंडीतही मला त्या माणसाविषयी आदर वाटला. पुढच्याच क्षणी काकांनी वहीत लिहिलं, "डावं वळण: प्रयत्न केल्यास सुधारेल," आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

हा ऐंशीच्या पुढचा नंबर म्हणजे काकांचं खास हळवं ठिकाण. शिबिराला काही पोरं नुसती निमंत्रित असतात. त्यांना कोणत्याच संघाने निवडलेलं नसतं. आठवडाभर लीफ्सचा सदरा घालायचा, मग तो परत करून घरी जायचं. काका त्यांची नावंही लिहितात, वेगळ्या शाईने. "यांना आपण नाही बघायचं तर कोणी?"

आपला-परका हा भेद मात्र त्यांच्या पारखीत नाही. त्यांचा नातू दर शनिवारी गल्लीतल्या पोरांच्या लीगमध्ये खेळतो. वय वर्षं नऊ. त्याने गोल मारला तेव्हा सगळं घर उभं राहून ओरडत होतं, काका बसूनच. गाडीत सुनेने कौतुकाने विचारलं, "बाबा, कसा खेळला?" काका म्हणाले, "नातू आहे म्हणून लपवणार नाही. मेहनती आहे. चौथ्या फळीत चालेल." सून पुढचे दोन शनिवार बोलली नाही.

२०२५ च्या ड्राफ्टला काकांनी आम्हां चार जणांना जेवायला बोलावलं. पिठलं-भाकरी, ठेचा आणि पहिली फेरी. गंमत अशी की पहिल्या फेरीत लीफ्सना पाळीच नव्हती. ती त्यांनी २०२३ मध्येच शिकागोला देऊन टाकली होती. बत्तीस पोरांची बत्तीस भाषणं, बत्तीस आयांचे अश्रू आणि आमचा त्यात काडीचा संबंध नाही.

"काका, मग आपण बघतोय काय?"

"दुसऱ्यांच्या घरच्या लग्नाला जात नाहीस तू?"

दुसऱ्या दिवशी चौसष्टाव्या क्रमांकावर लीफ्सची पाळी आली. टिनुस लुक कोब्लर, नॉर्वे. काकांनी वही उघडली. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. नाव नव्हतं! वर्षभर रात्री जागून पन्नाससाठ पोरांची टिपणं काढली होती आणि आलं भलतंच स्थळ. काका उठून आत गेले. खोलीत शांतता. काकू पदराआड हसत होत्या. वीस मिनिटांनी काका बाहेर आले ते नवं पान भरूनच. "स्वीडनमध्ये लेक्सांडच्या ज्युनिअर संघात असतो. अंगापिंडाने चांगला आहे. नॉर्वेची माणसं सरळ असतात, कष्टाळू असतात. मला पहिल्यापासून वाटत होतं, नॉर्वेकडे कोणीतरी बघायला हवं."

दोन-तीन दिवसांनी मिच मार्नर लास व्हेगासला गेल्याचं कळलं. नऊ सीझन खेळलेला, घरचा, टोरांटोजवळच वाढलेला खेळाडू. मंडळाच्या पिकनिकला भेळेच्या पातेल्याभोवती दुखवटा चालला होता. एक गट त्याला शिव्या देत होता, दुसरा व्यवस्थापनाला. काका शांतपणे कांदा चिरत होते.

"काका, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"मार्नर? अरे, तो माझ्या वहीतून २०१६ सालीच गेला. संघात आला ना तेव्हा? त्याच्या नावापुढे 'उजवला' लिहून मी पान बंद केलं. पुढचं सासरचे बघून घेतील."

इथे मला काकांचं गणित उलगडलं. जो खेळायला लागला तो आज ना उद्या सातवा सामना हरणार. जो अजून लेक्सांडच्या, कुठल्यातरी कॉलेजच्या बर्फावर वाढतो आहे, तो मात्र अजून अजिंक्य आहे. लीफ्सचे लाखो चाहते आठ महिने आशा बाळगून वसंतात रडतात. काकांनी आशेचा मोसम उन्हाळ्यात नेला, जिथे सामनाच नसतो. साठ वर्षं होत आली कपाला. एवढ्या काळात त्यांच्या वहीतला एकही पोरगा वहीत असेपर्यंत हरलेला नाही.

या गणिताची परीक्षा ऑक्टोबरात झाली. ईस्टन कावन हा काकांचा हुकमी एक्का. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये अठ्ठाविसाव्या क्रमांकावर त्याला घेतला तेव्हा पुष्कळ जाणकारांनी 'फार लवकर घेतला' म्हणून नाकं मुरडली. काकांनी त्याच दिवशी त्याला दत्तक घेतला. आँटॅरिओतलं लंडन मिसिसॉगाहून मोटारीने दोनेक तासांवर. काका काकूंना 'जरा चक्कर मारून येऊ' म्हणत आणि चक्कर बरोबर कावनच्या ज्युनिअर संघाच्या, लंडन नाइट्सच्या रिंकपाशी संपे. २०२५ च्या मेमोरियल कपात लंडन जिंकलं, कावन स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा काकांनी मंडळात पेढे वाटले. ऑक्टोबरात तो लीफ्सच्या निळ्या सदऱ्यात उतरला. मी उत्साहाने फोन केला.

"काका, आला तुमचा कावन!"

"हो, कळलं. चांगलं झालं." आवाजात बारशाला न जाणाऱ्या माणसाचा कोरडेपणा. "पान बंद केलं मी."

"मॅच नाही बघितलीत?"

"कशाला? आता त्याला बघायला वीस हजार लोक आहेत. ते बघ, माझ्यासमोर वेगळीच अडचण आहे. २०२६ ची पहिली फेरी अटी घालून बॉस्टनला दिलीय. पुन्हा बॉस्टन! २०२७ ची फिलाडेल्फियाला. म्हणजे पहिल्या फेरीचा विचार करायचा तर २०२८ चाच करायला हवा. ती पोरं आत्ता पंधरा वर्षांची आहेत. सध्या नुसती नावं गोळा करतोय. त्यातल्या एकाचे वडील सहा-चार आहेत."

मी मनातल्या मनात हिशोब केला. २०२८ ला निवड, पुढे चार-पाच वर्षं वाढ. तो पोरगा संघात येईल तेव्हा काका ऐंशीला टेकलेले असतील. हे कसं सांगावं म्हणून मी घुटमळलो, तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. त्यांचा हिशोब आधीच झालेला दिसला.

"त्याला म्हणावं, सावकाश वाढू दे. आधी ह्यांचे गुडघे बदलून घेते. किपलिंगच्या पायऱ्या चढायच्या आहेत ना!"