कॅप्टनचा समुद्र

इंदूरला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या कॅप्टननी अजून मनावर घेतलेली नाही. दर वर्षी फराळाचे डबे तळाला लागले की त्यांचा निरोप येतो: 'या वेळी कोस्टल राइड. दापोली ते दिवेआगर. अवंतिकेनं मुंबई, पुढे सायकल. मुक्काम तंबूत.' चाळीस जण मोबाइलवर अंगठा वर करतात. मग एकाच्या साडूच्या मुलीचं लग्न निघतं, दुसऱ्याचं ऑडिट येतं, रेल्वेत सायकली बुक करायला कोण जाणार यावर पंधरा दिवस खल होतो आणि शेवटी नऊ जण उरतात. ते नऊ जण महेश्वरला जातात.

"किनारा तो किनारा," कॅप्टन म्हणतात. "नर्मदा भरूचच्या पुढे खंभातच्या आखातालाच मिळते न? मग आपण समुद्राच्या वरच्या टोकाला बसून राहिलो. अजून काय पाहिजे, भिया?"

कॅप्टन म्हणजे वय बावन्न, नोकरी बँकेत, घर राजेंद्रनगरात. पूर्वज होळकरांच्या पदरी होते. (इंदुरातल्या कुठल्या मराठी माणसाचे नव्हते?) पूर्वी ते कारकून असल्याचं सांगत; कॅप्टननी गियरची सायकल घेतल्यापासून ते घोडदळात गेले आहेत.

सायकल कार्बनची. साध्या सायकलीपेक्षा सात-आठ किलोंनी हलकी, आणि या हलकेपणासाठी कॅप्टननी प्रॉव्हिडंट फंडाला हात घातला, असं वहिनींचं म्हणणं आहे. त्या सायकलीच्या हँडलला ते निघताना दोन किलो लौंग सेव, एक बरणी जीरावन आणि कच्चे गराडू अडकवतात. पाण्याची बाटली मात्र अर्धीच भरतात. वजन वाढतं म्हणे.

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. साडेसहाला सगळे जमले, ते पोह्यांच्या गाडीवर. पोहे-जिलबी पोटात गेल्याशिवाय इंदुरी माणसाचं चाक फिरत नाही. राऊला पुन्हा पोहे खाल्ले, कारण पुढे महूला मिळतील की नाही कोण जाणे. महूला मिळाले. पहिल्या पंचवीस किलोमीटरांना तीन तास आणि तीन प्लेटा लागल्या. यालाच कॅप्टन 'कार्ब लोडिंग' म्हणतात.

महू सोडलं आणि कॅप्टनचंच मागचं चाक बसलं. रस्त्याकडेच्या पंचरवाल्यानं पंचर पाच मिनिटांत काढलं. घोडं अडलं ते हवेशी. आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची नळी असते, कुठलाही पंप चालतो. कॅप्टनचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा. त्याला प्रेस्टा म्हणतात. टोकाचा इवलासा आटा सैल करून दाबल्याखेरीज तो हवा आत घेत नाही. त्याला जोडायचा तुकडा घरी, टीव्हीखालच्या खणात. कॅप्टननी पंचरवाल्याला प्रेस्टाचे फायदे सांगायला घेतले. त्यानं शांतपणे व्हॉल्व्हला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून पंप घट्ट धरला आणि हवा भरून टाकली. "भिया, ये तो बच्चों की पीपी है," एवढंच म्हणाला. पैसे वीस.

जामगेटला आलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अहिल्याबाईंनी 1791 साली बांधलेला हा दरवाजा माळव्याच्या अगदी काठावर उभा आहे. कमानीपलीकडे जमीन एकदम खाली जाते आणि धुक्यात निमाड पसरलेला दिसतो. तिथं दोन मिनिटं कुणी बोललं नाही. कॅप्टनसुद्धा नाही. मग त्यांनी फोटोसाठी हेल्मेट काढून केस नीट केले आणि हेल्मेट परत घातलं.

घाट उतरायला पाय लागत नाहीत. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. 'समुद्रसपाटी' हा शब्द कॅप्टननी उतारावर चारदा उच्चारला. "वास येऊन राहिला का खारा?" त्यांनी मंडलेश्वरच्या अलीकडे विचारलं. वास मिरच्यांचा होता.

तंबू घाटावरच टाकायचा कॅप्टनचा बेत होता. महेश्वरचा घाट दगडी, तोही होळकरी दगड. खुंटी वाकली, दुसरी वाकली, आणि तिसरी ठोकण्याआधी घाटावर बसलेल्या एका आजींनी, "ऐसा नहीं करते बेटा," म्हणून हातोडी काढून घेतली. शेवटी कुणाच्या तरी ओळखीच्या शेतात, कापसाच्या बांधाला जागा मिळाली. तंबूचे बांबू पाच हवे होते, निघाले चार. पाचव्याच्या जागी कॅप्टननी आपली सायकल उभी केली. कार्बन किती मजबूत असतं याची खात्री त्या रात्री पटली.

शेतमालकाच्या चुलीवर गराडू तळले. वर जीरावन, लिंबू. जेवल्यावर कॅप्टननी आमच्याकडून ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करून घेतला. 2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हापासून त्यांना केळ्याचं साल आणि त्याची पिशवी एकत्र दिसली की झोप येत नाही. शेतमालक म्हणाला, साल बैलाला टाका. कॅप्टनना ते पटेना. बैल कुठल्या डब्यात मोडतो याचा निर्णय होईना.

रात्री मी जागा झालो तर कॅप्टन तंबूबाहेर बसलेले. "ऐक," म्हणाले, "लाटा." शेजारच्या शेतातला पंप चालू होता. मी काही बोललो नाही.

परतीला घाट चढायचा असतो, हे दर वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येतं. एकवीस गियर वापरून झाल्यावर सगळ्यांनी बाविसावा टाकला, म्हणजे उतरून ढकलायला लागले. दुसऱ्या वळणावर कॅप्टननी कापसाची खेप टाकून रिकामी चाललेली एक पिकअप थांबवली. सायकली आडव्या, आम्ही उभे.

"यात लाज कसली?" कॅप्टन टपाला धरून म्हणाले. "अहिल्याबाई राजधानी घेऊन महेश्वरला उतरल्या 1767 नंतर. ती परत इंदूरला यायला 1818 उजाडलं. घाट चढायला टाइम लागतो, भिया."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल किणकिणला. स्ट्रावा बंद करायचं राहून गेलं होतं. जामगेटच्या चढावर सर्वांत कमी वेळाचा विक्रम आता कॅप्टनच्या नावावर आहे. काढून टाकणार आहेत, वेळ मिळाला की.

राऊला पिकअप सोडली. शहरात सायकलीवरूनच शिरायचं, असा हुकूम होता. हेल्मेटं सारखी केली, तोंडाला थोडं पाणी शिंपडून घाम आणला आणि राजेंद्रनगरात ओळीनं शिरलो. वहिनी फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं, मग सायकलीला लटकलेल्या, नीट गाठ मारलेल्या कचऱ्याच्या दोन पिशव्यांकडे.

"कसा होता समुद्र?"

"ओहोटी होती," कॅप्टन म्हणाले, आणि सुक्या कचऱ्याचा डबा शोधायला मागल्या दारी गेले.