अण्णासाहेब टी-ऑफ घेतात

अण्णासाहेब प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त, मुलगा डॉलरमध्ये कमावणारा, आणि पासष्टीला अचानक गोल्फ. पुण्यात असताना येरवड्याचा गोल्फ क्लब त्यांनी कुंपणाबाहेरूनच पाहिलेला. पण मुलाने मॉरिशसचं पॅकेज काढून दिलं आणि त्यात 'गोल्फची एक फेरी मोफत' असं छापलेलं निघालं. मोफत म्हटल्यावर अण्णासाहेब माघार घेत नाहीत.

मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तो दीड तासही अण्णासाहेब पॅकेजमध्येच धरतात. रिसॉर्टवाल्यांनी मनगटाला बांधलेली ऑल-इन्क्लुझिव्हची पट्टी ते मुंजीच्या जानव्याइतक्या निष्ठेने सांभाळतात. न्याहारीला दोन पंगती उठेपर्यंत बसतात, आणि उठताना तीन क्रोसाँ पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून काकूंपुढे धरतात.

"अहो, पर्समध्ये आधीच चिवडा आहे," काकू म्हणतात.

"चिवडा आपला आहे. हे त्यांचं आहे."

गोल्फचं मैदान इल ओ सेर या पूर्व किनाऱ्यालगतच्या चिमुकल्या बेटावर. जायचं बोटीने. दोनदा मास्टर्स जिंकलेल्या बर्नहार्ड लँगरने आखलेली अठरा होल, पार 72. मध्ये तळी, काळे ज्वालामुखी खडक, आणि उरलेल्या सगळ्या बाजूंनी समुद्र. चेंडू हरवण्यासाठी याहून चांगली सोय शोधून सापडायची नाही.

"हँडिकॅप किती?" स्टार्टरने विचारलं.

"डावा गुडघा," अण्णासाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

स्टार्टरच्या छातीवरच्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं. नाव ओळखीच्या वळणाचं. चौकशी सुरू झाली: गाव कुठलं, कधी आलात. त्यानेही मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात कामाला आले, आणि गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते. अण्णासाहेबांचा ऊर भरून आला.

"म्हणजे घरचेच की तुम्ही! मग बग्गीच्या भाड्याचं काही जमेल का?"

ज्याचे पूर्वज करारावर अंगठा उठवून जहाजातून इथे आले आणि मळ्यात राबले, त्याच्याकडे सवलत मागायला कातडी जरा जाडच लागते. पण अण्णासाहेबांनी उभ्या हयातीत कर्जवसुली केली आहे. स्टार्टर हसला. भाडं पूर्ण घेतलं.

पहिला फटका मारताना अण्णासाहेबांनी टोपी सावरली, पाय रोवले, डावं कोपर उंच ठेवलं आणि पद्माकर शिवलकरांचा चेंडू आल्यासारखा पुढे येऊन बचावात्मक खेळ केला. हिरवळीचा तळहाताएवढा तुकडा उडाला. चेंडू जागेवर. दुसऱ्या फटक्याला तळं, तिसऱ्यालाही तळं. चौथा चेंडू खडकावर आपटून हिंदी महासागरात गेला, तेव्हा काकू बग्गीत चिवड्यातले शेंगदाणे वेचत होत्या.

"एकूण किती गेले हो?"

"पॅकेजमध्ये आहेत," अण्णासाहेब म्हणाले. नव्हते, ते नंतर बिलावर कळलं.

अठरा होल संपेपर्यंत अण्णासाहेबांचे 158 झाले. आता सोसायटीच्या कट्ट्यावर ते रोज संध्याकाळी सांगतात, "मॉरिशसला दीडशतक ठोकलं." भेटलात तर जरूर ऐका, चहा तेच पाजतात. फक्त गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो, हे त्यांना कुणी सांगू नका. निदान काकूंसमोर तरी नको.