सत्कृत्याचा पंचनामा

ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यनगरीत मुक्कामास आल्या, की वारकऱ्यांचे पाय चेपण्यास जी मंडळी सरसावतात त्यांची लगबग पाहून कोणाही भाविकाचे अंतःकरण भरून यावे. मात्र तेलाच्या बाटलीचे बूच निघण्यापूर्वी मोबाईल तिकाटण्यावर स्थिर करून, त्यातल्या त्यात अधिक भेगाळलेला पाय हेरण्याची तजवीज ज्या दक्षतेने होते ती पाहिली, म्हणजे परोपकारासही आता पंचनामा लागतो याविषयी संदेह उरत नाही. चित्रफीत मनाजोगी न उतरल्यास तोच पाय पुन्हा चेपला जातो, आणि दिवेघाट अजून चढायचा असलेले वारकरीबुवा तो विनातक्रार पुढे करतात. सेवा नेमकी कोण कोणाची करतो, हा मुद्दा तूर्त तहकूब ठेवू. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडील शिध्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या छबी डकवल्या गेल्याच होत्या; तो हक्क आता रयतेसही मिळाला, एवढेच. अशा प्रसिद्धीने एखाद्या अडलेल्यास रक्तदाता वेळेवर मिळतो, हेही नाकबूल करण्याचे कारण नाही. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. आज त्यांना प्रथम पृच्छा झाली असती ती फॉलोअरांच्या संख्येची.